माती कोणाची? ग्रीक तत्त्वज्ञान आणि आद्य ख्रिस्ती धर्मविचार

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा सोडले की जिते स्थानक लागते आणि त्यापुढे हमरापूर. पेण तालुक्याचा हा पट्टा गणपतीच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. यातल्या कुठल्याही कारखान्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात : माती, साचा आणि कारागीर. शाडू भिजवून मळायची, साच्यात दाबून भरायची, मूर्ती बाहेर काढून सुकवायची, रंगवायची आणि शेवटी तिचे डोळे आखायचे. साचा कितीही रेखीव असो, मातीच्या गुणदोषांवर मूर्ती अवलंबून राहतेच. वाईट मातीला तडे जातात आणि त्यापुढे चांगल्या कारागिराचेही काही चालत नाही.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी अथेन्समध्ये प्लेटोने ‘टिमायस’ या संवादात विश्वाची उत्पत्ती सांगितली, ती जवळजवळ अशीच. त्याचा विश्वकर्ता हा कारागीरच आहे. त्याच्यासाठी प्लेटोने वापरलेला ‘डेमिउर्गोस’ हा शब्दही ग्रीकमध्ये कारागिरासाठीच होता. हा विश्वकर्ता शाश्वत, अविनाशी आदर्शांकडे पाहतो आणि आधीपासून अस्ताव्यस्त असलेल्या द्रव्याला आकार देतो. तो चांगला आहे, म्हणून जगही होता होईल तितके चांगले घडवतो. ‘होता होईल तितके’ म्हणायचे, कारण द्रव्य त्याने निर्माण केलेले नाही. ते त्याच्या पुढ्यात आयते आले आहे आणि त्याच्या मर्यादा त्याला सांभाळून घ्याव्या लागतात.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात शिकलेसवरलेले ख्रिस्ती लोक हे वाचत होते. जगाच्या मुळाशी आंधळी धडपड नसून एक शहाणा, चांगला कर्ता आहे, हे त्यांना मनापासून पटत होते. पण त्यांतल्या काहींनी एक प्रश्न विचारला : कारागीर देव, साचा देवाच्या मनातला, हे ठीक, मग माती कोणाची? ख्रिस्ती धर्मविचार आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांचे नाते समजून घ्यायला या प्रश्नाइतकी चांगली वाट नाही. कारण ख्रिस्ती विचारवंतांनी ग्रीकांकडून काय घेतले आणि कुठे हात आखडला, ते इथे स्पष्ट दिसते.

एक ग्रंथ, दोन किनारे

येशू आणि त्याचे शिष्य यहुदी. त्यांची बोली अरामी, त्यांचे धर्मग्रंथ हिब्रू. तरीही नव्या कराराची सारी पुस्तके ग्रीक भाषेत आहेत, कारण अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या साऱ्या मुलखात व्यापार, शिक्षण आणि पत्रव्यवहार ग्रीकमधून चालू लागला होता. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात यहुद्यांची मोठी वस्ती होती. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर तिथेच इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सुरू झाले. येशूच्याच काळात त्या शहरात फायलो नावाचा यहुदी पंडित मोशे आणि प्लेटो यांचा मेळ घालत होता. देव आणि जग यांना जोडणाऱ्या तत्त्वाला त्याने ‘लोगोस’ म्हटले. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाच्या मते लोगोस म्हणजे विश्वभर भरून राहिलेली बुद्धी, नियम. फायलोच्या लेखी तो देवाचा विचार होता, त्याने जग ज्याच्या द्वारे निर्मिले तो.

याच यहुदी परंपरेची दुसरी एक फांदी आपल्या कोकणात रुजली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली काही कुटुंबे, अशी बेने इस्राएलांची स्वतःच्या उगमाविषयीची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आजही याच तालुक्यांची आठवण देतात. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे धन त्यांनी शतकानुशतके जपले. अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांना शेजारी विचारत, ‘तुमचा देव आणि आमच्या तत्त्वज्ञांचे आदितत्त्व एकच का?’ कोकणात शेजारधर्म आचाराने ठरत होता. तिथे कोण काय खातो आणि कोणत्या दिवशी काम बंद ठेवतो याला महत्त्व होते. आदितत्त्वाचे उत्तर तेल्याकडे कोणी मागितले नाही. सिद्धान्त बहुधा असेच जन्मतात : कोणीतरी अवघड प्रश्न विचारतो, मग उत्तर शोधावे लागते.

ख्रिस्ती धर्माला असे विचारणारे अगदी सुरुवातीलाच भेटले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात ख्रिस्ती प्रचारक पौल अथेन्सला जातो आणि एपिक्युरस पंथाच्या व स्टोइक तत्त्वज्ञांशी त्याची गाठ पडते. तो त्यांच्यासमोर त्यांच्याच एका कवीचा दाखला देतो, पण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच काही जण हसू लागतात. योहानाचे शुभवर्तमान तर लोगोसपासूनच सुरू होते. मराठी बायबलात त्या जागी ‘शब्द’ आहे. त्यातले धाडस पुढच्या वाक्यांत आहे. हा लोगोस देही झाला, माणसांत राहिला, असे योहान सांगतो. स्टोइक असो वा प्लेटोवादी, असे म्हणायला कोणीही धजला नसता.

झगा न उतरवणारा जस्टिन

तत्त्वज्ञानाच्या घरातून थेट ख्रिस्ती धर्मात आलेला पहिला मोठा लेखक जस्टिन. जन्म पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लुसचा, सुमारे इ.स. १०० चा. आपल्या शोधाची हकिगत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. आधी तो एका स्टोइकाकडे गेला, पण त्याला देवाविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. मग अॅरिस्टॉटलच्या परंपरेतला एक आचार्य गाठला, तर त्याने चारदोन दिवसांतच फीची गोष्ट काढली. पायथागोरसच्या पंथातल्या गुरूने आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये म्हणून परत पाठवले. शेवटी प्लेटोवाद्यांकडे त्याचे मन रमले. असाच एकदा समुद्रकाठी एकटा फिरत असताना एक म्हातारा भेटला आणि त्याने यहुदी संदेष्ट्यांकडे बोट दाखवले.

ख्रिस्ती झाल्यावरही जस्टिनने तत्त्वज्ञाचा झगा टाकला नाही. त्या काळी तत्त्वज्ञान हा पुस्तकी विषय नव्हता. कसे जगायचे आणि मरणाला कसे सामोरे जायचे, ते शिकवणारा तो मार्ग होता. म्हणून जस्टिनने रोममध्ये शाळा काढली आणि आपल्याला खरे तत्त्वज्ञान सापडले आहे, असे तो शिकवू लागला. लोगोसची बीजे सगळ्या मानवजातीत पेरलेली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. जे विवेकाने जगले ते ख्रिस्ताआधी जन्मले तरी ख्रिस्तीच, आणि सॉक्रेटिस त्यांतला एक. सॉक्रेटिसवरही नास्तिकतेचा आरोप आला होता आणि रोमन देवांना नमन न करणाऱ्या ख्रिस्ती लोकांवरही येत होता, हे साम्य त्याने मुद्दाम पुढे मांडले. सुमारे इ.स. १६५ मध्ये रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

कोकणच्या वाटेवरचा स्टोइक

यानंतर विचारांचे केंद्र अलेक्झांड्रियाकडे सरकले. तिथल्या ख्रिस्ती विद्यापीठाचा पहिला ज्ञात आचार्य पँटेनस, आणि तो मुळात स्टोइक तत्त्वज्ञ. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की पँटेनस धर्मप्रसारासाठी भारतात गेला, तेव्हा तिथल्या लोकांकडे त्याच्याआधीच हिब्रू लिपीतले मत्तयाचे शुभवर्तमान होते आणि ते तिथे बर्थोलोम्यू या प्रेषिताने आणले होते. हा काळ दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. त्या काळचे ग्रीक लेखक अरबस्तान आणि इथिओपियालाही कधी कधी ‘इंडिया’ म्हणत, त्यामुळे तो नेमका कुठे उतरला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कल्याण आणि उत्तर कोकण हे त्याचे ठिकाण, असे मानणाराही एक पक्ष आहे.

वाद बाजूला ठेवला, तरी वाट खरी होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या पुढे सेमिल्ला बंदराची नोंद आहे; ते म्हणजे आपले चौल. अलेक्झांड्रियातच काम करणारा भूगोलज्ञ टॉलेमी दुसऱ्या शतकात सांगतो की या बंदराला स्थानिक लोक ‘तिमुला’ म्हणतात, ही माहिती त्याला तिथे जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांकडून मिळाली. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ येते. कार्ले, जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांत यवन म्हणवणाऱ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. आणि सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचाच व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. पेण-रोह्यालगतची खाडी आणि ग्रीक तत्त्वज्ञानाची राजधानी यांच्यात मोसमी वाऱ्यांवर चालणारा नेमाचा रस्ता होता, एवढे यातून सिद्ध होते.

पँटेनसचा शिष्य क्लेमेंट. याच्या ग्रंथात ब्राह्मण, श्रमण आणि चक्क बुद्धाचा उल्लेख आहे. ज्याच्या थोर पावित्र्यामुळे अनुयायी त्याला देव मानतात, असा. तत्त्वज्ञान ग्रीकांकडे परदेशी ज्ञानी लोकांकडून आले, असा तो दाखला देत होता. यहुद्यांना जसे मोशेचे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान. दोन्ही हात धरून ख्रिस्तापर्यंत नेणारे शिक्षक, हे क्लेमेंटचे सूत्र. त्याच शहरातल्या ओरिजेनने (सुमारे १८५-२५४) याच पायावर पहिले मोठे धर्मशास्त्र उभारले. इजिप्त सोडताना इस्राएल लोकांनी तिथले सोने बरोबर घेतले आणि त्यातून देवाच्या उपासनेची उपकरणे घडवली, तसे ख्रिस्ती विद्यार्थ्याने ग्रीकांची विद्या घ्यावी, असे त्याने आपल्या शिष्याला लिहिले. पण त्याच सोन्यातून त्यांनी सोन्याचे वासरूही घडवले होते, हा धोका तो जाणून होता.

‘अथेन्सचा यरुशलेमशी संबंध काय?’

या जवळिकीवर सगळेच खूश नव्हते. कार्थेजच्या टर्टुलियनने अथेन्सचा आणि यरुशलेमचा काय संबंध, असा रोखठोक सवाल केला. त्याच्या मते प्रत्येक पाखंडामागे एखादा तत्त्वज्ञ उभा असतो. गंमत अशी, की हा माणूस स्वतःच्या लेखनात आत्मा सूक्ष्म पण द्रव्यरूप आहे, हे स्टोइकांचे मत बिनदिक्कत स्वीकारतो. एक तत्त्व आणि तीन व्यक्ती, ही त्रैक्याची लॅटिन मांडणीही त्याचीच. दार लावून घेणाऱ्याच्या घरातही ग्रीक विचार आधीच येऊन बसला होता.

दुसऱ्या बाजूने हल्ला चढवला तो तत्त्वज्ञांनी. सुमारे १७८ च्या सेल्ससच्या ग्रंथाने ख्रिस्ती लोकांची कसून उलटतपासणी केली. देव खाली उतरतो म्हणजे बदलतो. जो परिपूर्ण आहे त्याला बदलण्याची गरज काय? आणि मेलेले कुजके शरीर पुन्हा उठावे, ही आशा किड्यांना शोभेल, असा त्याचा टोला होता. ओरिजेनने सत्तर वर्षांनंतर त्याला आठ भागांत उत्तर दिले, आणि त्या उत्तरातील उताऱ्यांमुळेच सेल्ससचा हरवलेला ग्रंथ आज आपल्याला कळतो.

सेल्ससचा प्रश्न वरवरचा नव्हता. ग्रीकांच्या थोर परंपरेत देव म्हणजे बदलापलीकडचा, दुःखापलीकडचा. अॅरिस्टॉटलचा देव साऱ्या विश्वाला गती देतो, पण स्वतः हलत नाही. बायबलातला देव रागावतो, कळवळतो, करार करतो आणि शेवटी क्रुसावर मरणाऱ्या माणसाच्या रूपाने दिसतो. ख्रिस्ती विचारवंतांनी ग्रीकांचा अविकारी देव बहुतांशी मान्य केला आणि क्रूसही सोडला नाही. या दोन टोकांना एकत्र बांधण्यात त्यांची पुढची तीन शतके गेली.

मातीचा निकाल

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जस्टिनला टिमायसची कथा आणि उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा एकच वाटली. निराकार द्रव्याला देवाने आकार दिला, हे प्लेटोने मोशेकडूनच घेतले, असे तो म्हणतो. माती कोणाची, हे त्याला खटकले नाही.

खटकले ते पुढच्या पिढीला. सुमारे १८० मध्ये अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याने बरोबर जित्याच्या कारखान्यातला मुद्दा काढला. कोणीतरी सामान आणून दिले तर माणूसही त्यातून हवे ते घडवतो. देवानेही तेवढेच केले असेल, तर त्यात देवपण ते काय? देवाची थोरवी यात, की जे नव्हते तेच त्याने अस्तित्वात आणले. याच काळात हर्मोजेनीस नावाचा एक चित्रकार द्रव्य अनादी असल्याचे शिकवत होता. जगात वाईट दिसते ते द्रव्यामुळे, देवामुळे नव्हे, अशी त्याची सोय होती. टर्टुलियनने त्याच्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्याच्या चित्रकलेवरही तोंडसुख घेतले. त्याचा मुद्दा मात्र भक्कम होता : देवाबरोबर द्रव्यही अनादी मानले, तर अनादी दोन झाले, म्हणजे देवाला जोडीदार मिळाला.

शून्यातून निर्मितीचा हा सिद्धान्त असा वादातून आकाराला आला. काहीच नसताना काही निर्माण होते, हे ग्रीकांना पटण्यासारखे नव्हते; शून्यातून काही येत नाही, हा त्यांच्या विचारांचा पायाच होता. म्हणजे इथे ख्रिस्ती विचाराने ग्रीक पद्धतीने युक्तिवाद केला, ग्रीक शब्द वापरले आणि ग्रीक गृहीतक मोडले. याला एक फळही आले. माती देवाचीच असेल तर ती वाईट असू शकत नाही. शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, हा प्लेटोवादी सूर ख्रिस्ती लेखनात पुष्कळ ऐकू येतो. पण शरीराचे पुनरुत्थान हा विश्वासाचा भाग ठेवल्यामुळे तो सूर शेवटपर्यंत टिकला नाही. ओरिजेनच्या नावावर आत्मे शरीराआधी असतात, अशी जी प्लेटोछापाची शिकवण चालत होती, तिचा पुढे ५५३ मध्ये धर्मपरिषदेच्या काळात निषेध झाला.

नायसियातले भांडण

ग्रीक शब्दांवरून झालेले सर्वांत मोठे भांडण इ.स. ३२५ चे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की देवपिता एकटाच अनादी. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, कितीही थोर असला तरी निर्माण झालेला आहे. यातला तर्क ग्रीक कानांना सरळ वाटणारा. परमतत्त्व जगाला थेट हात लावू शकत नाही, म्हणून मधे एक दुय्यम सत्ता हवी. सम्राट कॉन्स्टन्टाईनने आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. तिने ठरवले की पुत्र पित्याशी ‘होमोउसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे. हा शब्द बायबलात नाही, म्हणून परिषदेला आलेले कित्येक बिशप अस्वस्थ होते. पण नीट पाहिले तर तत्त्वज्ञानाकडे जास्त झुकत होता तो एरियस. बायबलाबाहेरचा ग्रीक शब्द उचलून परिषदेने एक ग्रीक कल्पना नाकारली : देव आणि जग यांच्यात मध्यस्थ दुय्यम देव असावाच लागतो, ही.

पुढे आशिया मायनरमधल्या कप्पदुकियातल्या तिघांनी, बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी, ‘उसिया’ म्हणजे समान तत्त्व आणि ‘हिपोस्टॅसिस’ म्हणजे स्वतंत्र व्यक्ती असा भेद पक्का केला, आणि ३८१ च्या परिषदेनंतर त्रैक्याची तीच भाषा रूढ झाली. याच बेसिलने तरुणांसाठी ग्रीक साहित्य कसे वाचावे यावर छोटे पुस्तक लिहिले. मधमाशी प्रत्येक फुलावर जाते, पण सगळेच उचलत नाही, असा त्याचा सल्ला आहे. पश्चिमेकडे ऑगस्टिनने (३५४-४३०) प्लेटोवाद्यांची पुस्तके वाचली, तेव्हा कुठे देव शरीराविना असू शकतो हे त्याच्या मनाला समजले. मात्र लोगोस देही झाल्याची गोष्ट आपल्याला त्या पुस्तकांत सापडली नाही, हेही त्याने आत्मकथनात नमूद केले. इ.स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवण्यावर बंदी घातली. तोवर तत्त्वज्ञानाची बरीच हत्यारे चर्चने आपल्या पेटीत ठेवलेली होती.

तोच वाद, मराठी माणसांत

हा वाद मराठी मुलखात प्रत्यक्ष खेळला गेला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये रायतुर येथे छापले गेले. जेझुइटांना शिक्षणातच अॅरिस्टॉटल आणि थॉमस अॅक्वायनस यांचे धडे दिले जात. अॅक्वायनसने अॅरिस्टॉटलला ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या कामाला जुंपले होते. स्टीफन्सने मात्र सिद्धान्ताची मांडणी पुराणाच्या अंगाने केली आणि वैकुंठ, मुक्ती असे शब्द निर्धास्त वापरले. पोर्तुगीजांचे चौल, म्हणजे रेवदंडा, १७४० पर्यंत त्यांच्याकडे होते. तिथल्या मठांतूनही हीच अॅरिस्टॉटल-अॅक्वायनसची परंपरा नांदली. कोर्लईतली पोर्तुगीज-मिश्रित बोली त्या काळाची आजवर जिवंत राहिलेली खूण.

एकोणिसाव्या शतकातला आपला जस्टिन म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५). चित्पावन घराण्यातला, काशीत वाढलेला हा न्यायशास्त्राचा पंडित. जॉन म्यूर या स्कॉटिश पंडिताने ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथातून हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा गोऱ्यांनी विशीच्या आतच ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला संस्कृतातच उत्तर दिले. प्रतिपक्षाचा अभ्यास करता करता त्यांचे मन बदलले. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेमिया गोरे झाले. १८६० साली त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. त्यात न्याय-वैशेषिकांवरचा त्यांचा आक्षेप वाचताना थिओफिलस आठवल्याशिवाय राहत नाही. न्यायमते ईश्वर हा निमित्त कारण. कुंभाराला माती लागते तसे त्याला परमाणू लागतात, आणि परमाणू व जीव त्याच्याइतकेच अनादी. मग ईश्वराचे सर्वसामर्थ्य कुठे राहिले, असा गोऱ्यांचा सवाल आहे. जुन्या शाळेत शिकलेली तर्कपद्धती त्यांनी टाकली नाही. तिच्याच जोरावर ते त्या शाळेशी भांडले. जस्टिन, टर्टुलियन आणि ऑगस्टिन यांनी नेमके हेच केले होते.

क्लेमेंटची वाट चालणारे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे राहिलेले काव्य त्यांनी ओवीत आरंभले. क्लेमेंटला प्लेटो जसा ख्रिस्ताकडे नेणारा शिक्षक वाटला, तसे टिळकांना संत. गोऱ्यांनी तत्त्वज्ञानाला कसोटीवर घासले, टिळकांनी भक्तीला पाया मानले. दुसऱ्या शतकात जे दोन मार्ग दिसतात, ते दोन्ही एका पिढीच्या अंतराने मराठी माणसांनीही चोखाळले.

निवाडा

जर्मन इतिहासकार अॅडॉल्फ हार्नाक याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले की चर्चचे सिद्धान्त म्हणजे शुभवर्तमानाच्या जमिनीवर उगवलेले ग्रीक बुद्धीचे पीक. ते खरवडून काढले की येशूची साधी शिकवण उरेल, अशी त्याची आशा. उलट पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००६ मध्ये रेगेन्सबर्ग येथील व्याख्यानात ग्रीक बुद्धी आणि बायबलची श्रद्धा यांची भेट हा अपघात नव्हता, ती श्रद्धेच्या स्वभावातच होती, असे प्रतिपादन केले.

इतिहास पाहता दोन्ही बाजू पुऱ्या पडत नाहीत. हार्नाकच्या हिशेबात निर्मिती, देहधारण आणि पुनरुत्थान बसत नाहीत, कारण या तिन्ही जागी चर्चने ग्रीकांच्या अगदी उलट भूमिका घेतली. ग्रीक प्रभाव फक्त बाहेरून लागला असता तर सोप्या वाटेने एरियसचा विजय झाला असता. आणि बेनेडिक्टांच्या म्हणण्यातून असा भास होतो की श्रद्धेला ग्रीक हेच एक नैसर्गिक माहेर होते. तसे असते तर अरामी, सिरियाक, आर्मेनियन आणि पुढे मराठी भाषेत ख्रिस्ती विचार उभाच राहिला नसता.

म्हणून कोणत्याही धर्मविचाराचे मूल्यमापन करताना ‘हे कुठून आणले’ एवढे विचारून थांबू नये. शब्द, तर्क, दृष्टान्त सगळेच उसने असतात. उसने घेतल्याशिवाय कोणाशीच बोलता येत नाही. उसने घेतलेल्या वस्तूशी कोणत्या जागी भांडण झाले, ते शोधावे. आद्य ख्रिस्ती विचारवंतांनी प्लेटोचा कारागीर घेतला, त्याचा साचाही घेतला, पण माती परक्याची ठेवायला ते तयार झाले नाहीत. त्यांचे वेगळेपण त्या नकारात आहे.